शिवंवर बसलेलं गाव

"मला डोळे बांधून ह्या डोंगरात सोडा, तरी कडेगावला जाऊन पाणी पितो," असं म्हणून धम्मपाल ऐटीत वळला आणि थेट घाणेरीच्या जाळीत गेला.

आम्रपालीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते असं. महिमानगडाच्या पायथ्याला, ९४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत, जाळीबाहेर फक्त दोन बूट. कॉलेजच्या मुली आणि त्यांच्या बाई दहिवडीहून कडेगावापर्यंत डोंगराडोंगरानं, जुनी गावं बघत चालत निघाल्या होत्या. हा गावोगावच्या वीरगळांचे फोटो काढत एकटाच हिंडत होता. "माझी बी वाट तिकडंच हाय," म्हणून सोबत आला तो चिकटलाच.

तीन दिवसांत त्यानं सगळ्यांना फिरवून फिरवून दोनदा एकाच पिंपळाखाली आणलं. बुरूज म्हणून पाण्याची टाकी दाखवली. पण चढावर हात मात्र आधी तिच्याच पुढं करायचा... आणि तिनं धरला की घाईघाईनं आभाळाकडं बघायचा. ओढ्यात तिची चप्पल वाहून गेली तेव्हा त्यानं आपले बूट काढून दिले.

"आन तुमी?"

"मला अनवाणीच आवडतं," तो म्हणाला, आणि पुढं काटा मोडल्यावर आभाळाकडं बघत लंगडत चालला.

उद्या कडेगाव. परवा मुंबईचं स्थळ तिला बघायला येणार होतं, आणि वडिलांना नाही म्हणायला तिच्याकडं कारण नव्हतं. म्हणजे होतं. शेजारनं चालत होतं. पण बोलत नव्हतं.

त्या सकाळी धुकं असं उतरलं की पुढच्या मुली आधी पुसट झाल्या, मग नुसते आवाज राहिले, मग आवाजही गेले. धम्मपालनं सांगितलेल्या 'जवळच्या' वाटेनं दोघं खाली उतरले, तर समोर गाव.

गाव होतं, पण गावात कुणी नव्हतं. दारं लोटलेली, प्रत्येक कडीला लिंबाचा डहाळा. गोठ्यात दावी नुसती लोंबत होती. कुत्रं नाही, कोंबडं नाही. एका अंगणात पाळणा — रिकामा, आणि वाऱ्यानं हलणारा. लांब कुठंतरी हलगी वाजत होती. एकाच ठेक्यात.

आम्रपाली नकळत त्याच्या जवळ सरकली. "माणसं कुठं गेली वो?"

"जत्रंला. भ्यायचं न्हाई. मी हाय न्हवं? आदी च्या करू."

चावडीपुढं तीन दगड मांडून त्यानं जाळ केला. धूर वर गेला... आणि हलगी थांबली.

गचकन. मधेच.

मग धुक्यात चहूकडं माणसं दिसायला लागली. पांढरी मुंडासी, कांबळी, काखेत पोरं. गावाभोवती राखेची रेघ ओढलेली होती, तिच्या अलीकडं कुणी पाऊल टाकेना. आम्रपालीनं धम्मपालचा दंड घट्ट धरला. त्यानं तिचं मनगट. कोण कुणाला धीर देतंय हे काही कळेना.

"त्यांचं पाय बघा," धुक्यातनं एक म्हातारी कुजबुजली. "उलटं हायत का?"

"पाय दावा रं!" कुणीतरी ओरडलं.

दोघांनी मुकाट्यानं पाय पुढं केले.

"सरळ हायत, बनुबाई. एकाचं लय सुजल्यात."

मग हिंदुराव म्हणून एक म्हातारबा रेघेपाशी आले आणि कपाळाला हात लावून बसले. "आरं गड्या, रोगराई जावी म्हनून तीन वरसातनं एकदा आख्खं गाव दिसभर शिवंवर बसतंय. चूल पेटवायची न्हाई, आत पाय टाकायचा न्हाई. आन तू च्या ठेवलास!"

"मग आता?" आम्रपालीनं विचारलं.

"शिव ज्यानं मोडली त्यानंच जोडीनं घागर घिऊन, पान्याची धार धरत गावाला आत न्यायचं. नवराबायकू हाय न्हवं तुमी? न्हाईतर आजची रात बी उघड्यावर. ल्येकरं गारठल्यात."

सगळं गाव धम्मपालकडं बघायला लागलं. धम्मपाल जाळाकडं.

"बोला की," ती हळूच म्हणाली. "वाट इचारली तर लगीच सांगता."

"नवराबायको न्हाई आमी..." त्यानं जाळात एक काटकी सारली. "अजून."

"अजून म्हंजे?" हिंदुराव.

"म्हंजे... हिनं हो म्हटलं तर..."

"मला कुठं इचारलं?" आम्रपाली म्हणाली. "आजोबांस्नी सांगताय."

तो वळला. कान लालभडक. "आम्रपाली, मला वाटा कळत न्हाईत. एकबी कळत न्हाई. तुमच्या मागं मागं यायचं म्हनून पुढं पुढं चाललो. कराल का लगीन?"

तिला हसू आलं, आणि डोळे भरूनही आले. "करीन. पर वाट मी दावणार. आन बाबांशी तुमी बोलायचं."

"व्हय," तो म्हणाला, आणि या वेळी हात धरून तिच्याकडंच बघत राहिला.

"नुसतं ठरलेलं चालतंय का वो?" गर्दीतनं शंका आली.

"न चालाया काय झालं?" बनुबाई म्हणाल्या. "थंडी लय हाय."

घागर आली. दोघांनी चार हातांनी धरली. हलगी वाजायला लागली, मागं अख्खं गाव, शेरडं, म्हशी. रेघ ओलांडताना धम्मपालचा पाय शेणावर घसरला.

घागर फुटली. गाव पुन्हा शिवंवर जाऊन बसलं.