ओल्या दोरीचं टोक

शेकोटीत आणखी एक गोवरी सारा, मग सांगतो. रिसाल माझा सख्खा साडू. खोटं बोलायची त्याला अक्कलच नव्हती.

पानिपतापासून सहा कोसांवर त्याचं गव्हाचं शेत. त्याला गाड्यांचं शेत म्हणतात. मोगलांच्या पहिल्या लढाईत तिथं गाड्यांची रांग होती, एकीला दुसरी कातड्याच्या वादीनं बांधलेली. समोरचे लोक त्या रांगेवर अडले, आणि मोगलांचे घोडेस्वार डावी-उजवीकडून वळसा घालून त्यांच्या पाठीशी आले. पुढं बऱ्याच वर्षांनी तिथं शेतसाऱ्याचे मोजणीदार आले. दवात भिजवलेली दोरी घेऊन. ओली दोरी आखडते. आखूड दोरीनं शेत जास्त भरतं, सारा जास्त बसतो. दोरीचं एक टोक शेतकऱ्यालाच धरायला लावत. मोजणी संपायच्या आत ज्यानं सोडलं, त्याच्या घरचा एक पुरुष ते नेत. त्या मोजणीदारांतला एक जण अजून मोजतोय, असं आमचे म्हातारे सांगायचे.

"ताऊ, मागच्या खेपेला सांगितलंस तेव्हा दोरी नव्हती, साखळी होती," शेकोटीपलीकडून माझा पुतण्या बिट्टू म्हणाला.

"मागच्या खेपेला तुझं लग्नही ठरलं होतं. ऐक."

पौष वद्य अष्टमी. कालव्याच्या पाण्याची रिसालची पाळी रात्री एक चाळीसला, तीन दहापर्यंत. त्याचा धाकटा भाऊ सूरत नाक्यावर, कालव्यातून शेतात पाणी घ्यायच्या तोंडाशी बसला, पाणी सोडायला. रिसाल शेताच्या पार टोकाला गेला. पाणी पोचलं की त्यानं हाक द्यायची. धुकं इतकं, की विजेरीचा उजेड पायाशीच संपायचा.

पाणी आलं. तो हाक देणार, तोच कुणीतरी त्याच्या उजव्या हातात दोरीचं टोक दिलं.

"धर."

त्याला वाटलं, सूरत. धरलं.

"नाका सोडून इकडं कशाला आलास रे?"

दोरी ताणली गेली. ओली होती. बर्फासारखी गार.

लांबून आवाज आला. "एक..."

आणि पार दुसरीकडून, नाक्यावरून, सूरत ओरडला, "दादा, पाणी पोचलं का?"

रिसालनं तोंड उघडलं. आवाज फुटेना.

"दोन..."

दोरी आखडू लागली. हात खांद्यातून ओढला जाऊ लागला. टाचा चिखलात रुतल्या. सोडावी, तर... घरात दुसरा पुरुष एकच. सूरत. तिकडं अंधारात एकटा.

डावीकडं टापा. मग उजवीकडं. समोर काहीच नाही. टापा पाठीशी आल्या... थांबल्या. मानेवर घोड्याचा ऊन श्वास.

त्यानं सोडली नाही.

"तीन..."

तीन दहाला पुढच्या पाळीचा ओमी आला. सूरतला घेऊन शेतात शिरला. रिसाल घोटाभर चिखलात उभा, उजवा हात पुढं, मूठ मिटलेली. दोघांनी मिळून ती उघडली. आत काही नव्हतं.

"दादा, तासभर हाका मारतोय मी," सूरत रडकुंडीला आला होता.

रिसालनं आधी त्याचं तोंड चाचपलं. मग हळूच विचारलं, "संपली का मोजणी?"

मी त्या दिवशी त्यांच्याकडेच मुक्कामाला होतो. पहाटे मेहुणीनं त्याला कोरडा कुडता दिला. त्याचाच, दोन हिवाळे वापरलेला. मी स्वतः त्याच्या अंगात चढवला.

डावी बाही मनगटावर बसली.

उजवी बाही... बोटांच्याही खाली वीतभर रिकामी लोंबत होती. हात ओल्या दोरीसारखा आखडला होता.