बोट लागली

आबाजी कंपाउंडर मी पाहिलेला आहे. नुसता पाहिलेला नाही, इथे खोपोलीत भिंतीला भिंत लावून सहा वर्षं त्याच्या शेजारी राहिलेलो आहे. तेव्हा ऐकीव गोष्ट सांगतो असं समजू नका. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. मागाहून "नागूअण्णा, घरापर्यंत सोडायला चला" म्हणालात तर हा म्हातारा जागचा हलणार नाही.

सन अठरा. ऑक्टोबरची तीस तारीख, बुधवार, अश्विन वद्य एकादशी. दिवस कलल्यावर, चारच्या सुमाराला आबाजी कर्जतहून निघाला. काम साधं होतं. कडावच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी ठाकरांची एक वाडी होती. तिथल्या भागी नावाच्या बाईला एक गाठोडं नेऊन द्यायचं. गाठोड्यात एक लुगडं, एक लाकडी फणी आणि मण्यांच्या दोन माळा. तिच्या लेकीचं, ठकीचं सामान. गाठोडं द्यायचं आणि पोरगी गेली एवढं सांगून परत फिरायचं.

"फार बोलत बसू नकोस," तात्यांनी निघताना बजावलं होतं. "बोट लागली म्हणावं, त्यातच गेली. आणि रात्री तिथे राहू नकोस."

तात्या म्हणजे कर्जतचे भातगिरणीवाले. मोठं प्रस्थ. त्या साली मानमोडीचा ताप आला होता, तुम्ही तेव्हा जन्मलाही नव्हता. सकाळी अंग दुखतं म्हणणारा माणूस तिसऱ्या दिवशी तिरडीवर. उल्हास नदीच्या काठी चितेला लाकडं पुरेनात. आधीच पाऊस दगा देऊन गेलेला, त्यातून जे काही भात उभं राहिलं ते कापायला घरात धड माणूस नाही. आणि तात्यांनी काय करावं? तात्यांनी सहल काढली! समुद्राच्या हवेत रोग तग धरत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मुंबईहून आगबोटीने गोव्याला जायचं, चार दिवस राहायचं, त्याच वाटेने परत. बायको अनसूयाबाई, दोन मुलगे, पत्ते कुटायला एक मेहुणा. बर्फात ठेवलेल्या श्रीखंडाचं पातेलं, लाडवांचे डबे, ग्रामोफोनसुद्धा. गाव जळत होतं आणि हे हवा खायला निघाले. थू!

मुलांच्या मागे फिरायला ठकी घेतली. सोळा वर्षांची पोर, डोंगराबाहेर कधी गेलेली नाही. तात्यांच्या घरी कामाला लागून तिला जेमतेम दोन महिने झाले होते. आणि हाताशी औषधवाला असावा म्हणून आबाजी. त्याचा डॉक्टर सप्टेंबरातच मानमोडीने गेला होता. आबाजी रिकामा बसलेला, आणि तात्यांनी गिरणीच्या पुढच्या खोलीत त्याला औषधाचं दुकान काढून द्यायचं कबूल केलेलं. हे ध्यानात ठेवा, नाहीतर तो असा का वागला ते कळायचं नाही.

बोट लागणं म्हणजे काय, ते घाटात मोटारीच्या खिडकीतून ओकणाऱ्यांना मी सांगायला नको. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच बोट लागली. अनसूयाबाई, मुलगे, तो मेहुणा, सगळे वाकून वाकून ओकले. दुसऱ्या दिवशी वरच्या वर्गातली मंडळी ताजीतवानी होऊन गाणी लावून बसली. ठकी खाली होती, पोती आणि कोंबड्यांच्या खुराड्यांमध्ये. ती उठली नाही. आबाजीने तिचा हात धरून पाहिला. हाताला चटका बसला. नाकातून रक्ताचा ओघळ, ओठावर गुलबट फेस, नखं जांभळी. कर्जतच्या दवाखान्यात त्याने असे दोनशे तरी पाहिले असतील. त्याला त्याच क्षणी कळलं.

पुढच्या बंदरावर तपासणीला डॉक्टर चढला. ताप निघाला तर त्या माणसाच्या सोबतचं सगळं बिऱ्हाड खाली उतरवायचं आणि किनाऱ्यावरच्या झोपड्यांत चौदा दिवस ठेवायचं, असा हुकूम होता. तात्यांनी वरून आबाजीकडे नुसतं बघितलं. डॉक्टरने नाकाला रुमाल लावून चार हातांवरूनच विचारलं, "हिला काय झालंय?"

"बोट लागलीय, साहेब," आबाजी म्हणाला. "डोंगरातली पोर. समुद्र कधी बघितला नाही."

डॉक्टर मान हलवून पुढे गेला. आबाजी वर आला. वर श्रीखंड वाढत होते. त्याने खाल्लं. दोनदा वाढून घेतलं. हे त्यानेच मला सांगितलं, आणि सांगताना त्याला अशी ओकारी आली की मी तांब्या घेऊन धावलो.

संध्याकाळी अनसूयाबाई म्हणाल्या, खालून घाण वास येतोय. रात्री तात्यांनी ठरवून टाकलं. एका लहानशा बंदरावर बोट लांब समुद्रात उभी राहिली, माणसं उतरवायला किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे वल्ह्यांची होडी, आला. त्या पडावात ठकीला ठेवलं. जिवंत होती! चांगली शुद्धीवर होती. कठडा सोडीना, तेव्हा तिची बोटं आबाजीने सोडवली.

"तू इथं किनाऱ्यावर बस, ठके," तो म्हणाला. "येताना तुला घेऊन जाऊ. बोट लागली की मी हाक मारतो."

"मारशील ना रं, दादा?" ती म्हणाली. "मला हितलं कोन वळखत नाय. बोट लागली की सांग. मी हाय हितंच."

येताना ती बोट त्याच बंदरावर पहाटे पाव तास थांबली. आबाजी जागा होता. भोंगा ऐकला, पडावाची वल्ही ऐकली. खाली पाण्यावरून कुणीतरी ओरडून काही विचारत होतं. त्याने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. बोट हलली.

आता ती मेली हे यांना कुणी सांगितलं? कुणीच नाही. तात्या म्हणाले, "एव्हाना गेलीच असेल. जिवंत आहे म्हटलं तर कुठे आहे म्हणून विचारत बसतील." म्हणून मेली. मला भुतांची कधी फारशी भीती वाटली नाही, बाळांनो, पण हे वाक्य आठवलं की आजही अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

तर आबाजी निघाला. कडावला पोचेपर्यंत दिवस होता. गावात चूल पेटलेली दिसत नव्हती. पुढे बांधावरून जाताना अंधारलं. एकादशीचा चंद्र, तो उगवणार उत्तररात्री. वाट पायाखालची होती म्हणून चालत राहिला. साडेसातच्या सुमाराला वाडीच्या तोंडाशी आला तर वाटेवर काट्यांची ही उंच भिंत. रोग आत येऊ नये म्हणून वाडीने स्वतःला काटी घालून घेतली होती. बाहेरच्याने बाहेरच थांबायचं, जे बोलायचं ते काटीवरून.

त्याने भागीच्या नावाने हाक मारली. बऱ्याच वेळाने आतून एक जळतं लाकूड हलत हलत आलं. त्याच्या उजेडात एक सुकलेली बाई.

"कोन हाय?"

"मी आबाजी. कर्जतचा कंपाउंडर. तात्यांनी पाठवलंय."

"ठकी आली का रं?"

त्याने गाठोडं काटीवरून आत टाकलं. तिने ते उचललं, सोडलं नाही, नुसतं चाचपलं. आतली फणी हाताला लागली असणार. तिथेच मटकन खाली बसली. रडली नाही. जळतं लाकूड बाजूला मातीत खोचलं.

"कुटं जाळलीत?"

आबाजी एक पाऊल मागे सरला.

"का पुरलीत? पुरली आसल तरी सांग. गावाचं नाव सांग. मी जाईन चालत. तिथली चिमूटभर माती आनीन, घरात ठेवीन. नायतर ती घर कशी वळखंल?"

आता बघा. त्याला गावाचं नावच ठाऊक नव्हतं. पोरीला उतरवलं, परत येताना त्याच गावासमोर बोट पाव तास उभी राहिली, आणि हे बंदर कोणतं म्हणून कुणाला विचारलंही नाही. तो सांगता झाला, "लांब आहे ते. तुला जमायचं नाही."

"नाव सांग."

त्याने धोतरात अडकलेला काटा काढला.

"बरं. काय झालं व्हतं माज्या पोरीला? तू दवापानी करनारा मानूस. तू तरी खरं बोल."

खरं बोलायची वेळ ती होती. मानमोडी झाली होती, मी खोटं बोललो, तिला जिवंत टाकून आलो. एवढं म्हणाला असता तर भागीने फार तर दगड मारला असता. पण आबाजीच्या डोळ्यांपुढे ते दुकान आलं. आणि तोंडातून सवयीने निघालं,

"बोट लागली."

जरा मोठ्यानेच निघालं. डोंगरावर आपटून परत आलं.

मग सगळं थांबलं. रातकिडेसुद्धा.

आणि त्याच्या पाठीमागून, तो ज्या वाटेने आला होता त्या वाटेवरून, लांबून एक आवाज आला. बारीक. आनंदलेला.

"लागली?"

आबाजीने मान वळवली नाही. भागीने वर पाहिलं. तिची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली. तिलाही ऐकू आलं होतं.

"लागली का रं, दादा? आले... आले..."

पावलं. ओल्या फडक्याने जमीन पुसावी तसा आवाज. चप... चप... घाई नव्हती. पण जवळ येत होता.

आधी वास आला. बोटीच्या तळाला साचलेल्या पाण्याचा. कुजक्या मासळीचा. आंबलेल्या ओकारीचा. आबाजीच्या घशाशी आलं. त्याने तोंड दाबलं. बोटांमधून बाहेर आलं... आंबट, गोड... केशराचा वास मारत होतं. वीस दिवसांपूर्वीचं श्रीखंड.

चप.

त्याच्या अगदी मागे.

त्याला वाटलं, आता गार हात लागणार. भुताचा हात गार असतो म्हणतात. मनगटाला हात लागला तो गार नव्हता. भाजत होता. तोच ताप... अजून उतरला नव्हता.

"लई येळ बसले रं," कानाशी आवाज आला. "मला वाटलं, इसरलास... पन मारलीस हाक."

रागाचा शब्द नाही. शाप नाही. बिचारी उपकार मानत होती. आबाजी म्हणायचा, तिने मला शिव्याशाप दिले असते तर मी आज धड जेवत असतो.

हात सुटला. काही त्याला घासून पुढे गेलं. काट्या हलल्या. करकरल्या. भागी उठली होती. दोन्ही हातांनी काटी ओढून वाट करत होती, हात रक्ताळले तरी ओढत होती.

"ये गं बाय. ये. हळू..."

आबाजीला उजेडात कुणी दिसलं नाही. भागी मात्र एका बाजूला झुकून चालत होती, कुणाला तरी कमरेला धरून आधार द्यावा तशी. झोपडीचं कवाड लागलं. आतून तिचं बोलणं ऐकू येत होतं. मध्ये मध्ये थांबून. दुसऱ्याचं ऐकून घ्यावं तसं...

तो पळाला. कडावात कुणाच्या तरी ओट्यावर सकाळी लोकांना सापडला.

तात्यांचं काय झालं म्हणता? काही नाही झालं. तात्या पुढे बारा वर्षं जगले, तूपभात खात मेले, तेराव्याला चार गावं जेवली. आबाजीने दुकान घेतलं नाही, कर्जतच सोडलं. खोपोलीत येऊन राहिला. आयुष्यभर पेज पिऊन काढलं, तीही अर्धी बाहेर यायची.

मरायच्या आदल्या वर्षी, सव्वीस साली, तो मला त्या वाडीवर घेऊन गेला. त्याला भागीची माफी मागायची होती. वाडीच्या तोंडाशी पोचला आणि पुढे पाऊल टाकवेना त्याला, म्हणून मी एकटा आत गेलो. भागी होती. म्हातारी झाली होती. तिने मला काही विचारलं नाही, कवाड उघडून दाखवलं.

जमीन शेणाने सारवलेली, लख्ख. एका कोपऱ्यात मात्र पांढरं फुललेलं होतं, पोटाशी पाय घेऊन कुशीवर झोपलेल्या माणसाएवढं. मी बोट लावून जिभेला लावलं आणि तिथेच थुंकलो. मीठ. भागी म्हणाली, दर अमावास्येला सारवते, चार दिवसांत पुन्हा वर येतं. आणि बोलता बोलता उठली, कारण दारात वाडीच्या शेळ्या जमल्या होत्या. मिठाच्या वासाने त्या चाटायला आत घुसत. आठ वर्षं ती बाई हातात काठी घेऊन उंबऱ्यात बसून होती, लेकीला शेळ्यांनी चाटू नये म्हणून.