मायामी ते अँकरेज : बावन्न मिनिटं आधी

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्यासोबत घडलंय. साक्षीला माझा सहकारी लोवेल होता. तो आता या विषयावर तोंड उघडत नाही, ती गोष्ट वेगळी.

अलास्कातलं अँकरेज. डिसेंबरची एकोणीस तारीख. दुपारचे साडेतीन, म्हणजे आमच्याकडे दिवेलागणीची वेळ.

मालवाहू विमानांच्या एका छोट्या कंपनीत मी उड्डाणांवर लक्ष ठेवते. त्या दिवशी मायामीहून येणारं विमान माझा नवराच आणत होता, ग्रँट. अंतर चार हजार मैल. समोरून वारा, म्हणून मी आठ तास दहा मिनिटं धरली होती. चार वीसला उतरायला हवं होतं. माझा अंदाज सहसा पाच मिनिटांनीही चुकत नाही.

तीन अठ्ठावीसला त्याचं विमान खिडकीबाहेर उभं होतं...

बावन्न मिनिटं आधी!

"नवऱ्याला घरची फारच ओढ लागलीय," शेजारच्या टेबलावरून लोवेल हसला. "मूस हरणाचा रस्सा केलायस वाटतं!"

"तुझ्या बायकोसारखा करपवत नाही मी."

आमच्यात एक शिस्त आहे. उतरल्यावर कॅप्टनने स्वतः रेडिओवर 'आलो' म्हणायचं. त्याचा आवाज ऐकल्याशिवाय उड्डाण संपल्याची नोंद करायची नाही.

पण विमान तर डोळ्यांसमोर होतं. मी नोंद केली, सही ठोकली.

ग्रँट आत आला. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला.

"अरे, इतक्या लवकर कसा?"

तो नुसता हसला. मी कॉफी दिली. त्याने कप हातात धरला... घोट घेतला नाही.

बाहेर बर्फ पडत होता. त्याच्या बुटांवर एक थेंब नव्हता.

चार वाजले. रेडिओ खरखरला...

"अँकरेज, मी ग्रँट. वीस मिनिटांत पोहोचतो."

लोवेलचं हसू मावळलं. आम्ही दोघांनी खुर्चीकडे पाहिलं.

ग्रँट तिथेच होता. ओठ मिटलेले.

चार वीस...

"अँकरेज, आठ तास दहा मिनिटं झाली. खाली शहर दिसत नाहीये. एकही दिवा नाही. माझं उड्डाण संपल्याची नोंद केलीय का कुणी?"

मी माईककडे हात नेला, तसं लोवेलने मनगट धरलं.

"जोलीन, त्याला उत्तर दिलंस, तर हा कोण?"

खुर्चीत माझा नवरा होता. धडधाकट, हाताच्या अंतरावर. मला तो गमवायचा नव्हता.

मी हात मागे घेतला.

तो आवाज पाचपर्यंत येत राहिला. इंधन संपत आल्याचं त्याने अगदी शांतपणे सांगितलं. आणि शेवटी, हळूच...

"चिमणे, बोल ना गं."

मग काहीच नाही.

ग्रँटसोबतचा दुसरा वैमानिक त्या दिवशी परस्पर निघून गेला. पुन्हा कामावर आलाच नाही.

याला आता आठ वर्षं झाली. ग्रँट माझ्याशी चांगला वागतो. आत्ताही पलीकडच्या खोलीत बसलाय.

पण 'चिमणे' हे नाव आम्हा दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. बारा वर्षं घरात तो मला तेच म्हणायचा.

त्या दिवसापासून हा मला जोलीन म्हणतो.

का, ते विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.