उभा आहे, म्हणे

विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझं काम एकच. कोणत्या संशोधकाच्या लेखांचा हवाला किती जणांनी दिला, कोणी कोणाबरोबर मिळून लिहिलं, हे मोजून अहवाल द्यायचा. "दुसऱ्यांची नावं मोजता मोजता तुमचे केस गेले," असं बायको म्हणते. गेले खरे. पण आकडा कधी उलटून बोलत नाही, म्हणून मला हे काम आवडायचं.

गुरुवारी भाषाशास्त्राच्या बाईंची फाइल आली. सगळा विभाग त्यांना नुसतं बाईच म्हणतो. त्यांच्या प्राध्यापकपदासाठी सोमवारी निवड समिती बसणार होती. बेचाळीस लेख, अकरा सहलेखक. सोळा वर्षांपूर्वीच्या एका लेखाचे हवाले मात्र सगळ्यात जास्त, अडतीस. डोंगरापलीकडच्या एका भाषेवरचा लेख. ती बोलणारी शेवटची म्हातारी पुढे वारली.

हवाले खरे आहेत का, हे मी प्रत्येक लेख उघडून बघतो. अडतीसही लेखांत एकच उदाहरण उचललेलं होतं, क्रमांक चौदा. 'तो दाराशी उभा आहे, म्हणे.' मूळ भाषेतलं वाक्य, खाली अर्थ.

लेखक एकोणीस, प्रत्येकाचे दोन लेख. वेगवेगळ्या देशांतले, एकमेकांना न ओळखणारे. प्रत्येकाच्या पहिल्या लेखात वाक्य बरोबर होतं. दुसऱ्यात शेवटचं अक्षर बदललेलं, आणि अर्थातलं 'म्हणे' गेलेलं.

तिसरा लेख कोणाचाच नव्हता. या विषयावर नाही, दुसऱ्यावरही नाही. एकोणीसही जणांचं लिखाण तिथेच थांबलं होतं.

छपाईची चूक एकदा होते, फार तर दोनदा. मी दोनदा चहा मागवला आणि दोन्ही कप तसेच निवले. एका जागी बसवेना. शेवटी जिना चढून बाईंकडे गेलो.

त्यांच्या खोलीला दार नव्हतं. चौकटीवर बिजागऱ्यांची भोकं तेवढी होती.

"दुरुस्तीला दिलंय?" मी विचारलं.

"काढून टाकलंय." त्यांनी खुर्ची पुढे केली. "बसा. काय अडलं?"

मी कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावला, आणि लगेच काढला.

"या भाषेत क्रियापदाच्या शेवटी 'से' आलं की गोष्ट ऐकीव. आपल्या 'म्हणे'सारखं. 'रू' आलं की बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेली. म्हातारी जन्मभर 'से' म्हणाली. मीही तेच लिहिते."

"मग हे लोक 'रू' का लिहितात?"

"तो लेख अहवालातून वगळा."

"बाई, आकडा निम्म्यावर येईल. पद हातचं जाईल."

"जाऊ दे."

पद जाऊ दे म्हणणारं माणूस मी या नोकरीत पाहिलं नव्हतं. खाली येऊन मी त्या एकोणीस जणांपैकी एकाला ईमेल टाकला: शब्द चुकून बदलला का? शुक्रवारी सकाळी उत्तर आलं.

'पहिल्या वेळी ऐकीवच लिहिलं होतं. तेव्हा ते खरं होतं.'

बस्स, एवढंच. सही नाही.

मी लेख वगळला नाही. बाईंनी उभं आयुष्य त्या भाषेत घातलं होतं. माझ्या भित्रेपणापायी त्यांचं नुकसान कशाला? सगळे हवाले मोजले, तळटीपेत मूळ वाक्य आणि अर्थ दिला, 'म्हणे'सकट, आणि अहवाल पाठवला.

दुपारी बाईंचा फोन आला.

"वगळला नाहीत ना?"

"नाही, बाई."

"वाक्य तरी छापलं नाहीत ना?"

"तळटीपेत आहे. 'म्हणे'सकट."

"बरं," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा लिहू नका."

शनिवार-रविवार मी घरात येरझारा घातल्या. बायको म्हणाली, "अहो, पायाला भिंगरी लागलीय का? बसा की जरा." बसलो. पाठ भिंतीला लावून.

सोमवारी अकरा वाजता समितीकडून अहवाल परत आला. तळटीपेतली परकी अक्षरं फुटून नुसते चौकोन उमटले होते. अर्ध्या तासात नवी प्रत हवी होती. नाहीतर बाईंचं नाव पुढच्या वर्षावर.

एका वाक्याला काय भ्यायचं? खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. शेजारच्या टेबलावर शिपाई पुस्तकांना शिक्के मारत होता.

मी तळटीप नव्याने टाइप केली. प्रत काढून वाचली.

'तो दाराशी उभा आहे.'

'म्हणे' राहून गेलं होतं.

दुरुस्त करायला हात उचलला, आणि मान वर केली.

शिपाई म्हणाला, "साहेब, दाराकडे काय बघताय?"

मी हात खाली घेतला. अहवालात ऐकीव गोष्ट घालायची नसते.

प्रत तशीच पाठवली.