चाळीस प्रश्न आणि मधेच येणारा फोन

धाकटीने दार उघडलं तेव्हा तो एका पायावर उभा होता.

"म्हणजे... बूट काढत होतो," तो गडबडून म्हणाला आणि तोल जाऊ नये म्हणून त्याने चौकट धरली. "फिजिओथेरपी. गुडघा इथेच ना?"

"गुडघा आत आहे," ती म्हणाली. "बाबांसकट."

तो हसला. हसताना आधी डोळे आणि मग ओठ, असा काहीसा त्याचा क्रम होता. धाकटीला उगाचच वाटलं, आपण दुपारी केस विंचरायला हवे होते.

घरात ही दोघंच, बाबा आणि ती. मोठी बहीण लग्न होऊन दूर गेलेली, आई जाऊन चार वर्षं झालेली. बाबांचं आयुष्य नकाशे काढण्यात गेलं होतं. दहा दिवसांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा बदलला होता आणि आता तो वाकवून घ्यायला हॉस्पिटलने आठवड्यातून तीन दिवस हा फिजिओ घरी पाठवला होता.

व्यायामाआधी त्याने फोन काढला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. दुखतं कुठे, किती दुखतं, झोप लागते का, जिने किती? बाबांना बोलायला माणूस हवाच होता. एकेका प्रश्नाला ते दोन-दोन गोष्टी सांगत होते. सदतिसाव्या प्रश्नाला त्याचा फोन वाजला.

"हो आजी, निघालोच," तो अर्धा मिनिट बोलला. मग परत स्क्रीनकडे बघून त्याने डोळे मिटले.

"काका... तुमचं नाव?"

बाबा चक्रावले. "अहो, मग इतका वेळ तुम्ही कुणाशी बोलत होता?"

"माफ करा. हे अ‍ॅप असंच आहे. फोन आला की मागे जातं, आणि परत उघडलं की पहिलं पान. चाळीस प्रश्न पुन्हा पहिल्यापासून." तो उसासून म्हणाला, "ज्याने कुणी हे बनवलंय ना, त्याला एकदा माझ्याबरोबर पाच घरं फिरवायला पाहिजे. जिने चढायला लावून!"

समोरच्या खुर्चीत धाकटीला चहाचा ठसका लागला.

अ‍ॅपच्या वरच्या बाजूची ती फिकट हिरवी पट्टी तिने लांबूनच ओळखली होती. तो रंग निवडायला ऑफिसात दोन दिवस भांडण झालं होतं. सगळं अ‍ॅप तिचं नव्हतं, पण तो चाळीस प्रश्नांचा फॉर्म, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या बटणापर्यंत, तिनेच लिहिला होता.

सांगायला हवं होतं. त्याच क्षणी. "अहो, तो फॉर्म —" तिने तोंडही उघडलं.

"तुम्ही कशाला ओशाळताय?" तो हसत म्हणाला. "तुमचा काय दोष त्यात?"

आणि तिने उघडलेल्या तोंडाला चहाचा कप लावला.

तो गेल्यावर तिने स्वतःच्या फोनवर तोच फॉर्म दहा वेळा उघडला, मधेच सोडला, फोटो काढले, बहिणीशी बोलली. परत येऊन बघते तर प्रत्येक उत्तर जागच्या जागी. पुढच्या खेपेला तिने विचारलं, "तुमचा फोन जरा बघू?"

कोपऱ्याला तडा, मागे चिकटपट्टी. "म्हातारा झालाय," तो म्हणाला. "पण माझी सगळी माणसं म्हातारीच असतात. आमचं जमतं."

फोन हातात घेतल्यावर तिला उलगडा झाला. तिच्या नव्या फोनमध्ये ऐसपैस जागा होती, वाटेल तितकी अ‍ॅपं मागे उघडी राहू शकत. त्याच्या फोनमध्ये दाटीवाटी. पुढे दुसरं काही आलं की तो फोन मागचं अ‍ॅप निमूटपणे बंद करून टाकी. आणि लिहिलेली उत्तरं तर शेवटचं 'पाठवा' बटण दाबेपर्यंत कुठेच साठत नव्हती. मागे गेलेला फॉर्म जसाच्या तसा परत येईल, हे तिने गृहीतच धरलं होतं.

"मला मोबाईलमधलं थोडंफार कळतं," ती खाली बघत म्हणाली. "बघते काही करता येतं का. तोवर... उत्तरं मी कागदावर लिहून घेत जाऊ?"

मग तेच सुरू झालं. तो बाबांचा पाय धरून विचारी, बाबा कण्हत सांगत आणि ती समोर बसून लिहून घेई. निघताना तो कागदावरचं फोनमध्ये भराभर उतरवी. एकदा मधेच फोन वाजला, बोलून तो परत वळला आणि तिने शांतपणे वाचून दाखवलं, "सत्तर अंश. मागच्या खेपेला पासष्ट होता."

"तुम्ही अ‍ॅपपेक्षा कितीतरी बऱ्या. विसरत नाही."

"मला विसरायला लावणं सोपं नाही."

"प्रयत्न कोण करतंय?" तो पुटपुटला आणि बाबांचा गुडघा जरा जास्तच वाकला.

"अहो! माझा आहे तो!" बाबा ओरडले.

पण बाबाही काही कमी नव्हते. ती दोघं बोलायला लागली की त्यांचा पाय एकदम फारच सावकाश वाकू लागे.

तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "शनिवारी तुमच्याबरोबर येऊ? मला ती पाच घरं बघायचीत."

"जिने आहेत."

"म्हणूनच."

शनिवारी बारीक पाऊस भुरभुरत होता, अंगाला लागे न लागेसा. छत्री एकच, तिची. तो उंच, त्यामुळे दांडा त्याच्या हातात. दुसऱ्या घरापर्यंत त्याचा एक खांदा भिजून गेला होता, कारण छत्री सारखी तिच्याकडेच झुकत होती.

"तुम्ही भिजताय," ती म्हणाली.

"तुम्ही जरा जवळ आलात तर —"

ती जवळ सरकली. एका छत्रीत दोन 'तुम्ही' काही मावेनात, आणि पुढच्या वळणाला त्यातला एक गळून पडला. दुसराही कधी गेला ते दोघांनाही कळलं नाही.

तिसऱ्या घरी एक आजी होत्या. पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता आणि वाचा हळूहळू परतत होती. एकेका शब्दासाठी त्या कपाळाला आठ्या घालून झगडत. तो त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसला आणि वाट बघत राहिला. काडीची घाई नाही. "रा...त्री... पाय... जड," आजी म्हणाल्या आणि दमून हसल्या. अर्ध्या तासात अकरा उत्तरं झाली. मग फोन वाजला.

त्याने तो लगेच बंद केला. पण फॉर्म गेला तो गेलाच. धाकटीने डोळ्यांनी पाहिलं. हिरवी पट्टी, कोरं पान, 'रुग्णाचे नाव'.

तिला वाटलं, आता हा पुन्हा विचारणार. त्याने विचारलं नाही. फोन खिशात टाकला, आजींचा हात हातात घेतला आणि बोटांचे व्यायाम सुरू केले. बाहेर जिन्यात आल्यावर एका पाकिटाच्या पाठीवर आठवेल ते सगळं लिहून काढलं.

"अ‍ॅपमध्ये नाही भरणार?"

"चाळीसच्या चाळीस भरल्याशिवाय पुढे जात नाही ते. आणि एवढ्या कष्टाने काढलेले शब्द मी आजींकडे परत कसे मागू?" तो पायरीवर बसला. "अशा बारा भेटी झाल्यात. अ‍ॅपमध्ये नाहीत म्हणजे मी गेलोच नाही, असं आमच्या कचेरीचं म्हणणं आहे. नोटीस आलीय. सोमवारी बोलावलंय. बहुतेक काढूनच टाकतील."

पाऊस जिन्याच्या खिडकीवर बोटं वाजवत होता. ती एक पायरी खाली उभी होती.

"तो फॉर्म मी लिहिलाय," ती म्हणाली.

आधी तो हसला. मग तिचा चेहरा बघून हसू थांबलं.

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. तुझ्या फोनवर ती पट्टी दिसली तेव्हाच... मी सांगणार होते, पण —"

"तीन आठवडे," तो म्हणाला. "तीन आठवडे मी तुझ्यासमोर..." तो उठला. छत्री तिच्या हातात दिली. "ठेवा तुम्ही."

त्या 'तुम्ही'ने ती जागच्या जागी खिळली. तो भुरभुरत्या पावसात चौथ्या घराकडे निघून गेला.

रविवारी सकाळी धाकटी तिच्या टीमच्या प्रमुख बाईंच्या घरी जाऊन थडकली. बाई बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होत्या. धाकटीने काहीही न लपवता सांगितलं. अशा चार तक्रारी आधीच आल्या होत्या. तिच्या फोनवर तसं काही होत नव्हतं म्हणून तिनेच त्या 'नंतर बघू'च्या यादीत ढकलल्या होत्या.

"फॉर्म पाठवला नाही, तरी तो कधी उघडला याची नोंद आपल्याकडे असते," ती म्हणाली. "मी बघितलं. बारा भेटी, बाराही दिवस फॉर्म उघडलेला आहे. हॉस्पिटलला तसं पत्र द्यायचंय."

"म्हणजे चूक आपली, असं लेखी द्यायचं? तुझं नाव येईल त्यात."

"येऊ दे."

बाईंनी झारी खाली ठेवली. "तुझ्या सहीखाली माझीही घे," त्या म्हणाल्या.

सोमवारी कचेरी उघडायच्या आधीच ती दारात उभी होती. पत्र हातोहात दिलं आणि तो यायच्या आत निघून आली. त्याला तोंड दाखवायचा धीर नव्हता. संध्याकाळी एका ओळीचा निरोप आला — 'पत्र मिळालं. नोटीस रद्द झाली. आभार.'

आभार! काय कोरडा ठणठणीत शब्द. तिने तो वीसेक वेळा वाचला.

आणि बुधवारी बाबांसाठी दुसऱ्याच फिजिओबाई आल्या.

तो आठवडा धाकटी कामात बुडून गेली. आता प्रत्येक उत्तर लिहिल्या-लिहिल्या साठवलं जाई. फोनने अ‍ॅप बंद केलं तरी परत उघडल्यावर तेच पान, तोच प्रश्न. आधी काही मोजक्या फोनांवर नवा फॉर्म गेला. त्यातला एक नेमका या बाईंचा. सोमवारी त्या आल्या, फोन उघडला आणि त्यांनी बाबांना विचारलं, "कितवा महिना?"

"महिना कसला, सहावा आठवडा."

"बरं. बाळाची हालचाल जाणवते?"

बाबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "बाई, गुडघा आहे हो माझा!"

धाकटी आतून धावत आली. आधीच्या घरी अर्धवट राहिलेला कुणा गरोदर बाईचा फॉर्म नव्या घरात जसाच्या तसा उघडला होता! ती हसली, आणि हसता हसता तिला कळलं, हे ज्याला सांगावंसं वाटतंय तो माणूस इथे नाही. त्याच दिवशी तिने तेही दुरुस्त केलं. परत उघडल्यावर फॉर्म आता आधी विचारी, अर्धी राहिलेली भेट पुढे न्यायची की नवी सुरू करायची? दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या फोनवर गेला.

शनिवारी बाबा सहज बोलल्यासारखं बोलले, "रविवारी सकाळी तो तळ्याकाठच्या बागेत म्हाताऱ्यांचा व्यायामाचा वर्ग घेतो. मला बोलावलंय. एकट्याला जमेलसं वाटत नाही."

"काल तर काठीशिवाय कोपऱ्यापर्यंत गेलात."

"आज नाही जमत," बाबा ठामपणे म्हणाले.

सकाळी तळ्यावर धुकं उतरलं होतं. झाडं होती-नव्हतीशी, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. वीसेक आजी-आजोबा हात पसरून उभे होते. बाबा पहिल्या रांगेतल्या खुर्चीत जाऊन बसले. धाकटी शेवटच्या रांगेत, एका झाडाआड.

त्याने तिला पाहिलं. चार मोजता मोजता त्याने दोनदा तीनच म्हटलं.

"शेवटच्या रांगेत नवीन आलेल्यांनी... खांदे खाली. कानाला लागलेत."

"घाबरलं की वर जातात ते," ती म्हणाली.

वीस माना मागे वळल्या.

"मान वळवायचा व्यायाम अजून आलेला नाही," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आता सगळ्यांनी डोळे मिटा. दहा श्वास. अगदी सावकाश."

वीस जोडी डोळे मिटले. ओल्या गवतावरून पावलं जवळ आली.

"त्या आजींनी परवा मला अख्खं वाक्य सांगितलं," तो हळू आवाजात म्हणाला. "मधेच फोन आला. पण एकही शब्द परत मागावा लागला नाही."

तिचे डोळे भरून आले. "मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"का नाही सांगितलंस?"

"मग तुम्ही परत तसे हसला नसतात."

"तुम्ही?"

"...तू."

त्याने बुटाच्या टोकाने ओलं गवत सारखं केलं. "राग दोन दिवसांत गेला. मग लाज वाटायला लागली. एवढं केलंस तू, आणि मी काय लिहिलं? आभार! दुसरं काय लिहू तेच सुचेना. म्हणून यायचंही टाळलं. बावळट आहे मी."

"आहेस," ती म्हणाली. मग धुक्याकडे बघत, जेमतेम ऐकू जाईल इतकंच — "तरी आवडतोस मला."

"काय?"

"ऐकलंयस तू."

"ऐकलं," तो म्हणाला. "पण दोनदा ऐकलं तर बिघडतं का?"

त्याने तिचा हात हातात घेतला. तिची बोटं थंडगार होती, त्याची उबदार. "मलाही," तो म्हणाला. "फार. किती ते... मला नाही सांगता येत."

समोरच्या रांगेतून एका आजींचा आवाज आला, डोळे मिटलेलेच. "मास्तर, दहा कधीच झाले हो!"

"होऊ देत की," बाबा म्हणाले. त्यांचेही डोळे मिटलेले होते, निदान तसे दिसत तरी होते. "हवा छान आहे. चालू द्या."

आणि तळ्याकाठी सगळे सावकाश, मनापासून श्वास घेत राहिले. अकरा... बारा... तेरा...