खिंडीपलीकडचं ऊन

हँगरचं दार ओढून घ्या रे, वारा येतोय. आणि तू, उद्या एकट्यानं उडणार म्हणून आजच कॉलर ताठ करू नकोस. आधी माझ्या भाचीचं ऐक.

तिचा परवाना तुमच्यासारखाच. डोळ्यांना दिसतंय तोवर उडायचं, ढगात शिरायचं नाही. मागच्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. डोंगरापलीकडच्या दवाखान्यात औषधाचा खोका पोचवायचा होता, आणि खोका आला उशिरा. मी म्हटलं, "राहू दे, जीपनं पाठवू." तर म्हणते, "मामा, खालचा रस्ता धरून जाते. अंधाराआधी उतरेन." हट्टी! आईवर गेलीय.

पुढचं तिनंच सांगितलेलं. खिंडीच्या तोंडाशी सूर्य मावळला आणि ढग खाली आला. रस्ता दिसेना. मग पंखही दिसेनात.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. "ये पोरी, सरळ ये. इकडे लख्ख ऊन आहे."

आवाज तिला उडायला शिकवणाऱ्या कॅप्टनांचा. तीन-चार वर्षांपूर्वी भर दुपारी ते याच खिंडीत ढगात शिरले, ते शिरलेच. विमान नाही, माणूस नाही...

पाचावर धारण बसली तिची. तरी ती सरळच निघाली. गुरूचा शब्द ना! मग डोक्यात आलं, ऊन? या वेळी?

"सर, सूर्य मावळलाय."

रेडिओ पुन्हा खरखरला.

"ये ना गं. एकट्याला करमत नाही."

तिनं रेडिओ बंद केला. आवाज चालूच. आता शेजारच्या सीटवरून.

अंग म्हणत होतं, सरळ आहोत. समोरच्या यंत्राचा काटा म्हणत होता, कललोय. तिनं शेजारी पाहिलं नाही. काट्यावर डोळे रोवले आणि ओरडली, "नाही येत! तुम्हाला राहायचं तर राहा. मला घरी जायचंय!"

हळू... हळू... मागे वळली.

ढग संपला. खाली दिवे.

उतरली ती मान ताठ ठेवूनच. "मामा, औषध जीपनं पाठव. खिंड गेली चुलीत!" औषध पहाटे पोचलं, वेळेत. पोरगी अजून उडते. ढग दिसला की मागे फिरते, आणि त्याची तिला काडीची लाज वाटत नाही.

त्या रात्री विमानावर ताडपत्री घालायला मी गेलो. शेजारच्या सीटवर काळा चष्मा. तिचा नव्हे. बाहेर थंडी मी म्हणत होती, काचा दवानं ओल्या...

चष्मा उचलला.

उन्हात ठेवल्यासारखा तापला होता.