बेलमाटची हाळी

आमच्या गल्लीच्या ऐन मधोमध एक माणूस गुडघ्यांवर बसून रस्ता मोजत होता.

ऑक्टोबरातली दुपार होती. उतारावरचे लार्च वृक्ष पिवळेधम्मक झाले होते, हवेत लाकडाच्या धुराचा वास होता. मी शेडमधून बर्फावरची घसरगाडी बाहेर ओढत होते, हिवाळ्याआधी तिच्या खालच्या पट्ट्यांना डुकराची चरबी चोळायची म्हणून. आणि हा गृहस्थ टेप ताणून माझ्याच वाटेत बसलेला!

“अहो, गल्ली विकत घेताय की भाड्यानं?” मी विचारलं.

त्यानं दचकून वर पाहिलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कान थंडीनं लाल. “नाही हो... गाडी मावेल का, ते बघत होतो.”

“गाडी? बेलमाटमध्ये?”

“मावेल. आरसे मिटले तर नक्की मावेल.”

“आरसे मिटा, नाहीतर चाकं काढून खांद्यावर घ्या. बेलमाटमध्ये गाडी येत नाही. ती खाली दरीत ठेवायची, केबल कारनं वर यायचं आणि पुढं देवानं दिलेल्या पायांनी चालायचं.”

तो उठून उभा राहिला. टेप गुंडाळत हळूच म्हणाला, “आणि देवानं दिलेला एक पाय परत नेला असेल तर?”

मी घसरगाडी सोडून त्याची विचारपूस केली.

त्याचं नाव लीनहार्ड. बाझेल शहरातला. तिथल्या ट्रामची वेळापत्रकं आखायचं त्याचं काम. फेब्रुवारीत अख्ख्या कुटुंबाला स्कीइंगला न्यायचं त्यानं ठरवलं होतं. दोन बहिणी, त्यांचे नवरे, पोरंटोरं आणि वडील. वडील, कॅप्टन थेओबाल्ड, उभा जन्म ऱ्हाइन नदीवर मालवाहू बोटी हाकत आले. गेल्या वर्षी धक्क्यावर दोर तुटला आणि त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. नकली पायानं घरात चालत, पण बर्फावर तो टिकला नसता. आणि चाकाच्या खुर्चीत बसून चारचौघांत ढकलून घ्यायला ते मेले तरी तयार नव्हते.

“पपा म्हणतात, ज्या दारात मला मानानं जाता येत नाही, त्या दारात मी जाणारच नाही,” लीनहार्ड म्हणाला. “अपघातापासून ते कुठंच गेले नाहीत. या सुट्टीला कसेबसे हो म्हणालेत. पलीकडच्या दरीत एक गाव आहे, तिथं गाडी थेट हॉटेलच्या दाराशी जाते. पण पोरांना बेलमाटच हवंय...”

“मग जा ना पलीकडं,” मी म्हणाले. जिभेला हाड नाही माझ्या. आई म्हणते, या पोरीचं नाक आमच्या शिखरापेक्षा उंच आहे. असेल! मला आहेच माझ्या गावाचा अभिमान. इथं धूर नाही, भोंगे नाहीत. सकाळी खिडकी उघडली की कुणाच्या तरी बुटाखाली बर्फ करकरताना ऐकू येतो. हे सगळं एका गाडीसाठी सोडायचं?

पण त्याचा चेहरा असा उतरला, की माझ्याच्यानं बघवेना.

“ऐका,” मी घसरगाडीवर थाप मारली. “आमच्या गावात कुणीही ताठ मानेनं येऊ शकतं. केबल कारचं स्टेशन गावाच्या वरच्या टोकाला, आमचं गेस्टहाऊस खालच्या. तुमच्या वडलांना मी आणीन. यावर.”

त्यानं गाडीकडं पाहिलं. पुढं वर वळलेली दोन लाकडी शिंगं, मागं लोंबणारी साखळी. माझ्या आजोबांनी हिच्यावरून कुरणातलं गवत उतरवलं होतं.

“तुम्ही? स्वतः?”

“का? माझ्या हातांना काय झालं?”

त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ पाहिलं. “काही नाही,” म्हणाला. “चरबी लागलीय फक्त.”

आणि मग त्याचे फोन सुरू झाले. मी दुपारची भांडी विसळत असले की फोन वाजलाच म्हणून समजा. पोरांना स्कीच्या शाळेत कुठल्या वर्गात घालायचं? धाकट्या भाचीचे बूट तिथंच भाड्यानं मिळतील का? पहिल्या संध्याकाळी चीज वितळवून खायचं की दुसऱ्या? अमुक आगगाडी चुकली तर पुढची कोणती, तीही चुकली तर काय... या माणसानं सुट्टीचंसुद्धा वेळापत्रक केलं होतं.

“हसायला किती मिनिटं ठेवलीत?” मी एकदा विचारलं.

“तुमच्याशी बोलतो तेवढी,” तो म्हणाला. माझ्या हातातली बशी पाण्यात पडली. “एक विचारू? आपण अजून किती दिवस ‘तुम्ही तुम्ही’ करायचं?”

“आमच्याकडं ‘तू’ म्हणायचं ते बाईनं आधी. वाइनचा प्याला हातात घेऊन, नीट. आणि ही बाई अजून म्हणत नाही.”

डिसेंबरात पहिला दमदार बर्फ पडला, तसा तो वर आला. “पपांना बसवण्याआधी मी बसून बघतो,” म्हणाला.

आमच्या गल्लीचा एकच कायदा आहे. पुढचा शिंगं धरून पायांनी गाडी वळवतो, मागचा साखळी ओढून वेग आवरतो, आणि दोघांचाही दम त्यातच जातो. म्हणून हाळी द्यायची ती वर बसलेल्यानं. हाळी ऐकू आली, की पाद्री असो नाहीतर पाहुणा, भिंतीला चिकटून वाट देतो. हाळी न देता उतरणाऱ्याला आमच्यात माणूस समजत नाहीत.

“घट्ट धरा,” मी शिंगांमध्ये उभी राहत म्हणाले.

“काय धरू?”

“गाडी. मला नाही.”

मागं साखळीपाशी माझे बाबा होते. ते खोकल्यासारखं काहीतरी हसले.

आम्ही सुटलो. वारा तोंडावर, बर्फाचे कण पापण्यांवर... वळणाशी पोहोचलो तर समोर स्कीच्या शाळेतल्या चिमुरड्यांची रांग गल्ली ओलांडतेय! “हाळी द्या!” मी ओरडले. आणि मागून, बाझेलच्या ट्राममध्ये कुणाच्या पायावर पाय पडल्यावर म्हणावं तसं, अगदी मऊ आवाजात ऐकू आलं—

“अहो... जरा... माफ करा हं...”

मी गाडी सरळ बर्फाच्या ढिगात घातली.

तो कंबरेपर्यंत रुतला होता. चष्मा गायब. मी दोन्ही हातांनी बर्फ उपसत त्याचं तोंड मोकळं केलं. “ए, लागलं का तुला? बोल ना!”

त्यानं डोळे उघडले. माझा चेहरा त्याच्या इतका जवळ होता, की त्याच्या श्वासाची वाफ माझ्या गालाला लागली.

“‘तू’ म्हणालीस,” तो पुटपुटला.

“तोंडात बर्फ गेला होता म्हणून निघालं.”

“मग अजून थोडा खा.”

“तुमचं झालं असेल तर,” ढिगाच्या पलीकडून बाबा म्हणाले, “माझ्याही खांद्याकडं बघा कुणीतरी.”

बाबांचा खांदा निखळला होता. त्यांना त्याचं फारसं वाटलं नाही. हात गळ्यात बांधून ते गावभर ‘माफ करा हं’ची नक्कल करत फिरले. पण आता फेब्रुवारीत साखळीवर कोण उभं राहणार? गावातली तरणी मंडळी हंगामात स्कीच्या लिफ्टवर जुंपलेली.

“मी,” लीनहार्ड म्हणाला. “आवाज नाही माझ्याकडं, पण शिकेन.”

आणि शिकला. जानेवारीभर दर रविवारी वर आला. साखळी कधी ओढायची, कधी सोडायची, बर्फ कडक असताना टाच कुठं रोवायची... आदळला, उठला, पुन्हा उभा राहिला. एकदा स्वयंपाकघरात आईनं त्याचे तळवे उघडले, तर फोडांनी भरलेले. ती मलम लावत होती आणि तो तिला सांगत होता, “काकू, पपा त्या वळणावर घाबरता कामा नयेत. बस.” मी दारात उभी होते. त्याच क्षणी माझं काम झालं. सरळ सांगते, मी त्याच्या प्रेमात पडले. त्या फोडांसकट.

पण एक काटा सलत होता. तो बाझेलचा, आणि मी बेलमाट सोडून कुठंही जाणार नव्हते. तो विचारेल, ‘चल माझ्याबरोबर खाली.’ मी म्हणेन, ‘नाही.’ आणि मग? म्हणून मी त्याला बोलूच देत नव्हते. “रोमाना, मला तुला...” त्यानं सुरुवात केली, की मी ओरडायची, “साखळी!”

फेब्रुवारी उजाडला. केबल कारचं दार उघडलं आणि पोरं भसाभस बाहेर पडली, मग बहिणी, मेहुणे, बॅगा... आणि सगळ्यांत शेवटी कॅप्टन थेओबाल्ड. रुंद छाती, पांढऱ्या मिशा, डोक्यावर बोटीवरची टोपी, हातात काठी. मेंढीचं कातडं अंथरलेली घसरगाडी त्यांनी पाहिली आणि ते जागच्या जागी थांबले.

“हे काय?”

“पपा, ही रोमाना. मी सांगितलं होतं ना...”

“तू गाडी म्हणाला होतास. ही गवताची घसरगाडी आहे. मी काय गवताचा भारा आहे?” त्यांचा आवाज स्टेशनभर घुमला. “लोक उभे राहून बघणार, थेओबाल्डला सामानासारखं नेतायत म्हणून! परत चला.”

पोरांचे चेहरे पडले. लीनहार्ड पांढराफटक. मला कळत होतं, हे आता परत फिरले तर पुन्हा घराबाहेर पडणार नाहीत. आणि मी मोठ्या तोंडानं म्हणाले होते, आमच्या गावात कुणीही ताठ मानेनं येऊ शकतं. विनवण्या मला जमत नाहीत. मी शिंगं सोडली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“कॅप्टनसाहेब, सामान वर बसतं ते मुकं असतं. माझ्या गाडीवर मुक्यांना जागा नाही. पुढं मी, माझा दम वळवण्यात जाणार. मागं तुमचा मुलगा. त्याच्या आवाजाची कीर्ती तुम्हाला ठाऊकच आहे.”

“माफ करा हं,” बर्फाच्या ढिगाची गोष्ट घरी ऐकलेली एक भाची मऊ आवाजात म्हणाली आणि सगळी पोरं खिदळली.

“गल्ली अरुंद आहे, हंगामाची गर्दी आहे,” मी पुढं म्हणाले. “हाळी देणारा नसेल तर ही गाडी सुटत नाही. नदीवर जमत होतं ते इथं जमणार नसेल, तर तसं सांगा. मी चर्चमधल्या घंटावाल्याला बोलावते.”

त्यांच्या मिशा थरथरल्या. “घंटावाल्याला?” ते म्हणाले. “पोरी, धुक्यात पलीकडच्या काठावरची बोट मी नुसत्या आवाजानं वळवलीय! सरक.”

आणि कुणाचाही हात न घेता ते गाडीवर बसले.

आम्ही सुटलो. आणि काय सांगू तो आवाज! “वाट सोडा! वाट सोडाऽऽ!” छपरांवरचा बर्फ ढासळेल असं वाटलं. स्कीवाले, पाहुणे, ब्रेड घेऊन चाललेल्या बायका, सगळे भिंतींना चिकटले. कॅप्टन ताठ बसले होते आणि अख्खं बेलमाट त्यांना वाट देत होतं. माझा ऊर असा भरून आला, की थंडी वाजायची थांबली.

वळण आलं. मागचा माणूस मला दिसत नव्हता. त्यानं घाबरून साखळी आधी ओढली असती तर आम्ही तिघं आडवे. पण गाडी फुलासारखी वळली. नेमकी हवी तेव्हा साखळी खणखणली.

“शाब्बास!” कॅप्टन गरजले. आणि मग छाती भरून त्यांनी पुढची हाळी दिली—

“वाट सोडाऽऽ! माझी सून गाडी हाकतेय!”

मी शिंगं आणखी घट्ट धरली.

“पपा!” मागून किंकाळी आली. “मी अजून विचारलं नाहीये तिला!”

“मग विचार की! उतार संपेल!”

“रोमाना!” बाझेलचा तो मऊ आवाज पहिल्यांदाच सगळ्या गल्लीनं ऐकला. “माझ्याशी लग्न करशील का?”

खिडक्या उघडल्या. बेकरीवाली पिठाचे हात घेऊन दारात आली. मला मागं वळता येत नव्हतं, थांबताही येत नव्हतं.

“मी बेलमाट सोडणार नाही!” मी ओरडले.

“कोण म्हणतंय सोड? मीच वर येतोय! केबल कारची वेळापत्रकं माझ्याकडं आलीत... वसंतात रुजू होतोय!”

“मला न विचारता?”

“तू बोलू कुठं देत होतीस? सारखं साखळी, साखळी!”

“पोरी,” कॅप्टननी मागून झुकून मला सांगितलं, “मला हाळी द्यायला उत्तर लागतं. काय ओरडू?”

“तुम्ही नाही,” मी म्हणाले. “हे मीच ओरडणार.” आणि मान ताठ ठेवून, गावाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पोचेल असा मी आवाज लावला, “होऽऽऽ!”

आमच्या दारात गाडी थांबली. माझे डोळे वाहत होते आणि मी ते पुसले नाहीत. लीनहार्ड साखळी टाकून धावत पुढं आला, धापा टाकत माझ्यासमोर उभा राहिला.

कॅप्टन थेओबाल्ड काठी टेकून स्वतः उठले. टोपी नीट केली आणि आपल्या पायांनी आमचा उंबरठा ओलांडून आत गेले. जाताना मागं न बघता म्हणाले, “तुम्ही दोघं या सावकाश. दार मी लावून घेतो.”